पोच न घेतलेला अर्ज

शाळेत माझी एक चेष्टा चालते. बाईंनी चहाचा रिकामा कप परत दिला तरी त्याची पोच मागतील, असं तरुण मास्तर लोक म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते, कारण ते खरं आहे. कुठल्याही कार्यालयात कागद द्यायचा झाला की माझ्याकडे त्याच्या दोन प्रती असतात. एक त्यांना द्यायची, दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. ती शिक्क्याची प्रत निळ्या फायलीत जाते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत अशा चार फायली भरल्या.

ही सवय मला माझ्या नवऱ्यानं लावली. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, सगळ्या गावासमोर करते, पण हे लिहिताना एकेरीच लिहिणार आहे. तेवढा हक्क आता मला आहे.

मला पहिली नेमणूक मिळाली ती घरापासून लांब. लेक तेव्हा आठ महिन्यांची. बदलीचा अर्ज मी एका कारकुनाच्या हातात दिला, त्यानं ‘ठेवा की मॅडम, होऊन जाईल’ म्हणत ठेवून घेतला, आणि चार महिन्यांनी चौकशीला गेले तर असा अर्ज आलेलाच नाही. ते वर्ष गेलंच. लेक सासूबाईंकडे वाढली आणि मी सुट्टीत आले की अनोळखी बाई बघून रडावं तशी मला बघून रडायची. नवरा तेव्हा नुकताच कारकून म्हणून लागला होता. त्यानं मला समोर बसवलं आणि म्हणाला, “कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेत जा. शिक्का न्हाई तर कागद दिलाच न्हाई असं समज. समोर सख्खा भाऊ बसलेला असला तरी.” मी ते शब्द मनात कोरून ठेवले. नवऱ्याचं नाव मात्र त्या यादीत नव्हतं. ‘सख्खा भाऊ’ एवढंच म्हणाला होता तो.

आता माल्टाचं सांगते.

मी शिरड शहापूरच्या शाळेत असताना वर्गात युरोपचा भिंतीवरचा नकाशा होता, कडा खाल्लेला. इटलीच्या बुटाखाली समुद्रात एक काळा ठिपका. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, ही माशी हाय का गाव?” मला सांगता आलं नाही. ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, ठिपका निघाला नाही. म्हणजे गाव. घरी येऊन पुस्तकं चाळली. एवढ्याशा बेटावर पिरॅमिडच्याही आधीची दगडी मंदिरं. जमिनीखाली खडकात कोरून काढलेल्या तीन मजली खोल्या, मेलेल्या माणसांना ठेवायच्या. आणि तिथंच सापडलेली एक मातीची बाई. तळहातावर मावेल एवढी, चांगली जाडजूड, कुशीवर हात उशाला घेऊन निवांत झोपलेली. हजारो वर्षं झोपलीच आहे. तिला कुणी उठवून भाकरी मागितली नाही. मी तिचं चित्र किती वेळ बघत बसले होते, ते आठवलं की अजून हसू येतं. माझी आई आयुष्यभर मजुरीला गेली, दुपारी आडवी झालेली मी तिला कधी बघितली नाही. आणि मी स्वतः तरी कुठं झोपले.

त्या बाईला एकदा समोर उभं राहून बघायचं, एवढंच माझं मागणं होतं. आणि नवऱ्याला बरोबर घेऊन बघायचं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, दोघांनीच असे आम्ही कुठं गेलो होतो? सिद्धेश्वरच्या धरणावर. स्कूटरवर जायचं, पाण्याकडे तोंड करून बसायचं, तिथली तळलेली मासळी खायची आणि दिवस मावळायच्या आत हिंगोलीला परत. बाकी सगळे प्रवास माणसांच्या गोतावळ्यातले. नागपूरला दीक्षाभूमीला गेलो तरी वीस जण, वेरूळला गेलो तरी शाळेची दोनशे पोरं.

लेक आता पुण्यात नोकरी करते. मागच्या दिवाळीत तिनं विचारलं, आई तुला काय हवंय, आणि माझ्या तोंडून माल्टा निघून गेलं. नवरा शेजारीच सोफ्यावर होता. तो म्हणाला, “पाणीच बघायचं तर सिद्धेश्वर हाय की!” आम्ही तिघंही खळखळून हसलो. ते त्याचं खरं उत्तर होतं, हे मला पाच महिन्यांनी कळलं.

ठरलं ते असं. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं. त्या जमिनीखालच्या खोल्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, जागा फार आधी धरावी लागते, म्हणून लेकीनं पहिली ती तिकिटं काढली. दोन माणसं, सकाळी अकरा. त्याच्या आधी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे. आणि त्याच्याही आधी, आम्ही दोघं सरकारी नोकर म्हणून, परदेशी जायला कार्यालयाची परवानगी. ती नसली तर पुढचं सगळंच अडणार.

त्या थंडीतल्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी होत्या. हे लिहिताना जीभ कडू होते, पण होत्या तर होत्या. जेवणं उरकली की मी नकाशा पसरायची आणि नवरा चष्मा लावून समोर बसायचा. प्रश्न तरी किती विचारायचा! तिथं बस मिळते का? उन्हाळा आपल्यासारखा का? जेवायचं कसं? मी म्हणायची धपाटे नेऊ, शेंगदाण्याची चटणी नेऊ. त्यानं चालायला म्हणून नवीन बूट आणले आणि अंगणात घालून फिरून दाखवले.

शेजारच्या आपा पण यायच्या. आपा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवणाऱ्या. एकदा मी मोबाइलवर तिकडच्या भाषेतले आकडे लावले. विहेद, तनेय्न, तलीता, एर्बा, हम्सा. आपांनी हातातली सुई खाली ठेवली. “अगं, ही तर अरबी गिनती! लहानपणी आम्हाला मौलवीसायबांनी शिकवलेली. थोडी वाकडी हाय इतकंच.” मग मी सांगितलं की तिथली माणसं ख्रिस्ती आहेत, पण देवाला अल्लाच म्हणतात. आपांना इतका आनंद झाला की त्यांनी नवऱ्याला ताकीद दिली, “भाईजान, बाईचा हात सोडू नका तिथं. अन् मला तिथला एक खडा आणा.” नवरा म्हणाला, “आणू की आपा, बराबर आणू.” त्यानं आपांनाही सोडलं नाही, याचा मला वेगळा राग आहे.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी दोन अर्ज लिहिले. एक माझा, एक त्याचा. आमच्या दोघांचंही कार्यालय एकच, आणि नवरा बसतो त्याच इमारतीत आवकचं टेबल. मी रोज सकाळी एसटीनं शाळेला जाते, त्या एका कामासाठी रजा कशाला टाका? मी अर्ज पाकिटात घातले आणि डब्याच्या पिशवीत सरकवले. “अहो, आवकला द्या आज आठवणीनं.” तो म्हणाला, “दिले म्हणून समज.” आणि मी दिले म्हणून समजले. दुसरी प्रत काढली नाही, शिक्का मागितला नाही. सबंध तालुक्याला पोच घ्यायला शिकवणारी बाई मी, नवऱ्याकडे पोच मागायची मला लाज वाटली. लाजही नाही खरं तर, ते डोक्यातच आलं नाही.

मग वाट बघणं. फेब्रुवारी लागला.

“अहो, काय झालं अर्जाचं?”

“सायब दौऱ्यावर हायेत. सोमवारी यायलेत.”

सोमवारी साहेब आले, तर बैठक. बैठक झाली, तर सही करणारे दुसरेच. मग मार्चअखेरची कामं. मी जेवताना त्या कार्यालयाचा उद्धार करायची. कुण्या मेल्यानं माझी फाईल बुडाखाली घेतली कुणास ठाऊक, म्हणायची. नवरा ताटातली भाजी चिवडत म्हणायचा, “असंच हाय ते. माणसाच्या जिवाची किंमतच न्हाई कुणाला.” माझ्याबरोबर तोही शिव्या द्यायचा, माझ्यापेक्षा चार जास्तच.

एकदा मी म्हटलं, मीच येते आणि विचारते. तो एकदम गंभीर झाला. “तू काहून येतीस? माझ्याच ऑफिसात माझी बायको टेबलं पालथी घालायली म्हटल्यावर लोक काय म्हनतील?” मला त्याची अडचण पटली. बिचारा किती मधे सापडलाय, असं वाटलं. त्याच रविवारी आम्ही स्कूटीवर सिद्धेश्वरला गेलो. पाणी उतरलं होतं, काठाला चिखल दिसत होता. मी त्याच्या पाठीमागून त्याच्या कानात माल्टाच्या बंदराचं वर्णन करत होते आणि तो मान हलवत होता.

मुंबईच्या तारखेला आठ दिवस राहिले तेव्हा शाळेची माहिती द्यायला मला कार्यालयात जावंच लागलं. नवरा त्या दिवशी तालुक्याला तपासणीसाठी गेला होता. काम झालं आणि मी आवकच्या टेबलापाशी थांबले. तिथं एक तरुण बाई बसते, कामाला चोख. मी अर्जाचं विचारलं. तिनं रजिस्टर उघडलं, बोट खाली-वर फिरवत जानेवारीची पानं बघितली. पुन्हा बघितली. “मॅडम, न्हाई आलेला.”

माझा पारा चढला. सव्वीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य पुन्हा कानावर आलं होतं. मी मोठ्यानं बोलले, फार मोठ्यानं. तुमच्यासारख्या लोकांनी माझं लेकरू वर्षभर माझ्यापासून तोडलं होतं, असंही बोलले. त्या पोरीचा तेव्हा जन्म तरी झाला होता की नाही कोण जाणे. तिनं रजिस्टर फिरवून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, “तुमीच बघा मॅडम. आलाच न्हाई तर कुठून दाखवू? शिक्क्याची प्रत हाय का तुमच्याकडं?”

मी बघितलं. त्या सोमवारच्या सगळ्या नोंदी वाचल्या, पुढच्या आठवड्याच्याही. मग मी तिची माफी मागितली. जिना उतरताना मला कळून चुकलं होतं, पण कळलेलं मी घरी पोचेपर्यंत मान्य केलं नाही. हरवला असेल, म्हटलं. विसरला असेल. बिचारा सांगायला घाबरला असेल.

तो साडेपाचला आला. बूट काढत होता, ते नवीन बूट. मी विचारलं, “अर्ज कुठं हायेत?” त्यानं वर बघितलं आणि माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. तसाच बाहेर गेला, स्कूटीचं सीट उचललं आणि डिकीतून पाकीट काढून आणलं. ओलं होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. दोन्ही अर्ज जसेच्या तसे, माझ्या अक्षरातले. दोन महिने ते रोज कार्यालयात जात होते आणि रोज परत येत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. माझा तर बुडाखाली कळसा होता. सिद्धेश्वरला गेलो तेव्हा जाता-येता मी त्या अर्जांवरच बसले होते आणि त्याच्या कानात बंदर सांगत होते.

“काहून?” मी म्हटलं.

त्यानं पिशवीची घडी घातली. मग म्हणाला, “मला न्हाई जायचं होतं.”

“मग तसं म्हनायचं होतं.”

“तुझं तोंड बघून म्हनवलं न्हाई.” आणि मग हळूहळू निघालं सगळं. “इथं मला चार लोक नमस्कार घालतात. तिथं मी कोन? तू पुढं फडाफडा इंग्रजी बोलनार, मी मागं बॅगा धरून. जेवायला काय मागायचं ते पन तुला विचारनार. मला वाटलं, तारीख निघून जाईल. तू ऑफिसला चार शिव्या देशील अन् विसरून जाशील.”

“म्हंजे शिव्या खायला ऑफिस, अन् गोड व्हायला तुमी?”

त्यानं घडी घातलेली पिशवी खिशात टाकली.

माझा नवरा वाईट माणूस नाही. उलट कार्यालयात त्याच्यासारखा गोड माणूस नाही, असं जिल्हाभर बोलतात. कुणाकडून चहासुद्धा घेत नाही. आणि कुणाला कधी नाही म्हणत नाही. बघू, साहेब येऊ द्या, होऊन जाईल. माणूस हसत परत जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. मला त्या गोडव्याचा अभिमान होता. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा त्या परत जाणाऱ्या माणसांची आठवण झाली. अठ्ठावीस वर्षं एका ताटात जेवून मी त्याच्यासाठी खिडकीपलीकडची एक बाई होते, जिला नाही म्हणायचं नसतं, फक्त थकवायचं असतं. त्यानं भांडण केलं असतं, नकाशा फाडला असता, तर मी चार दिवस रडले असते आणि सिद्धेश्वरला गेले असते. पण त्यानं बूट आणले. अंगणात चालून दाखवले. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर राखण करत असल्याचं नाटक केलं.

मी त्याला सगळं बोलले. लेक मला बघून रडायची तेव्हा तुमीच मला पोच घ्यायला शिकवलं होतं, हेही बोलले. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या पाण्याची दया आली नाही, हे मी इथं खरं लिहिते. अजूनही पुरती येत नाही.

मुंबईची तारीख गेली. लेकीला सांगितलं, परवानगी मिळाली नाही. खोटं नव्हतं ते. आपांनी विचारलं तेव्हा मात्र मला खोटं बोलता आलं नाही. त्या ऐकून घेत राहिल्या, पोलक्याच्या बाहीला टाका घालत. मग म्हणाल्या, “भाईजाननी मला पन खडा आणतो म्हनलं होतं की.” आणि आत निघून गेल्या. तीन-चार दिवस त्या माझ्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

मे महिन्यात ती तारीख आली. तिथले अकरा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. ऊन असं की गल्लीत कुत्रं नव्हतं. मी कूलर लावून आडवी झाले, कुशीवर, हात उशाला घेऊन. झोप आली नाही. तिथल्या दारापाशी कुणीतरी आमची दोन नावं वाचली असतील, थोडी वाट बघितली असेल आणि बाकीच्यांना घेऊन खाली उतरले असतील. मी तीन वाजेपर्यंत तशीच पडून राहिले आणि मग उठून चहा टाकला. नवरा कार्यालयात होता. त्याला तारीख लक्षात होती की नाही, मी विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी तो जरा लवकर घरी आला. हात-पाय न धुता माझ्यापुढे दोन कागद ठेवले. दिवाळीच्या सुट्टीत परदेशी जायच्या परवानगीचे अर्ज, एक त्याचा, एक माझा. माझ्या अर्जाचा मजकूर त्यानं लिहिला होता, आणि मागच्या आठवड्यात काही न सांगता बँकेच्या कागदांबरोबर माझ्याकडून एका कोऱ्या कागदावर सही घेतली होती ती याचसाठी, हे तेव्हा उलगडलं. दोन्हींवर गोल निळा शिक्का. आवक क्रमांक. तारीख. बारीक सही.

“शिक्का घेतला,” तो म्हणाला. “बघ.”

मी बघितलं. कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितले. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे, ते मला लग्नाआधीपासून आवडतं. मी ‘बरं’ म्हटलं आणि कागद निळ्या फायलीत ठेवले. त्याला बरं वाटलं असावं. त्यानं बऱ्याच दिवसांनी जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तो बैठकीला वरच्या मजल्यावर गेला असेल अशी वेळ धरून कार्यालयात गेले, थेट आवकच्या टेबलाशी. तीच पोरगी होती. तिनं जयभीम घातला, खुर्ची दिली. मी क्रमांकाची चिठ्ठी पुढे केली. तिनं रजिस्टर काढलं, बोट खाली नेलं आणि एका ओळीवर थांबवलं. क्रमांक खरा होता. दोघांचीही नावं होती.

“पन मॅडम,” ती म्हणाली, “सरांनी सोता समोर उभं राहून शिक्का घेतला की. तुमाला सांगितलं न्हाई का त्यांनी?”

“सांगितलं ना,” मी म्हटलं. “म्हनूनच बघायला आले.”